टक्के किती, ताई?

“ताई, टक्के किती?”

संमतीपत्र घेऊन एखाद्या घराशी बोलायला बसलं की पंधरा मिनिटांच्या आत हा प्रश्न येतो. पेशंट स्वतः क्वचित विचारतो. मुलगा विचारतो, जावई विचारतो, कधी इतका वेळ गप्प बसलेली सून विचारते. दहावीच्या निकालाचे विचारावेत तसे टक्के, म्हणजे गुण यायची शक्यता किती. मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे नवं औषध माणसांवर तपासून बघणाऱ्या चाचण्यांची, समन्वयक आहे. आजार काय आणि औषध काय हे डॉक्टर सांगतात. मग वीस-पंचवीस पानांचा मराठी फॉर्म पेशंटबरोबर पान-पान वाचायचं काम माझ्याकडे येतं. सातारा, जळगाव, नांदेड, रत्नागिरी, कुठकुठून माणसं आलेली असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाहीतर चुलत्या-मामांच्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरलेली असतात. त्यांना एक आकडा हवा असतो, गावी फोन करून सांगता येईल असा.

आकड्यांची कमतरता नसते. अडचण अशी, की ते तीन-चार असतात, सगळे खरे असतात आणि एकमेकांपासून फार लांब असतात.

सोटोरासिब नावाच्या गोळीचं उदाहरण घेऊ. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये केरास नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड असतो, त्यावर ती चालते. या जनुकाला रोखणारं औषध चाळीसेक वर्षं कुणाला जमलं नव्हतं, त्यामुळे तिची पहिल्या टप्प्याची ट्रायल जगभर गाजली. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाले. त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ५९ पेशंट होते. त्यातल्या ८८ टक्क्यांचा आजार ‘आटोक्यात’ राहिला. ३२ टक्क्यांची गाठ बऱ्यापैकी आकसली. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ, अगदी मधल्या पेशंटचा धरला तर, ६.३ महिने. आणि सगळ्या प्रकारच्या कॅन्सरचे मिळून जे १२९ जण ट्रायलमध्ये होते, त्यांतल्या जवळपास १२ टक्क्यांना औषधामुळे गंभीर त्रास झाला.

यातला कुठला आकडा गावी सांगायचा? बातमीत ८८ येतो. व्हॉट्सॲपवर तर ८८ टक्के ‘बरे झाले’ असंच येतं. पण ५९ पैकी ५२ जण ‘आटोक्यात’ म्हणून मोजले, त्यातल्या ३३ जणांची गाठ ठरलेल्या मापाइतकी कमी झालेली नव्हती. ती फक्त वाढली नव्हती. वाढली नाही हीही लहान गोष्ट नव्हे, श्वास घेणाऱ्याला तर नव्हेच. मात्र ते बरं होणं नाही. आमच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान या एका शब्दाच्या गोंधळातून होतं, म्हणून इतकं लिहायला बसले.

पायरी कितवी?

पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये औषध माणसाच्या शरीरात पहिल्यांदा किंवा पहिल्या काही वेळा जातं. आधी ते पेशींवर आणि प्राण्यांवर तपासलेलं असतं. ब्लडप्रेशर वगैरेच्या औषधांना या टप्प्यावर निरोगी माणसं घेतात. कॅन्सरच्या औषधांना बहुतेक वेळा घेत नाहीत, कारण औषध जहाल असू शकतं आणि धडधाकट माणसाला ते देणं बरोबर नाही. म्हणून इथे पेशंटच असतात, तेही बहुधा असे ज्यांचे नेहमीचे उपचार करून झालेले आहेत.

आणि या टप्प्याचा मुख्य प्रश्न ‘औषध लागू पडतं का’ हा नसतो. मुख्य प्रश्न असतो, किती डोस माणसाला सोसतो. गुण येतो का तेही बघतात, नीट मोजतात, पण मांडणी डोस शोधायची असते.

तो शोधायची जुनी, सगळ्यात माहितीची पद्धत तिघा-तिघांची. तीन पेशंटना अगदी कमी डोस द्यायचा आणि साधारण तीन-चार आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचं. कुणालाच ठरलेल्या मर्यादेपलीकडचा त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरची पायरी. तिघांतल्या एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला, तर थांबायचं आणि खाली यायचं. हल्ली यापेक्षा हुशार गणिती पद्धतीही वापरतात, पण जिना तोच.

या जिन्याचा अर्थ पेशंटच्या बाजूने बघा. पहिल्या पायरीवरच्या माणसाला मिळणारा डोस इतका कमी असू शकतो की गुण यायची शक्यताच थोडी. सगळ्यात वरच्या पायरीवरच्याला त्रासाची शक्यता जास्त. डोस ठरल्यावर त्याच ट्रायलचा दुसरा भाग येतो, त्यात एकाच प्रकारच्या कॅन्सरचे बरेच पेशंट ठरलेल्या डोसवर घेतात. नाव एकच, नंबर एकच, पण जिन्यावरचा पेशंट आणि या दुसऱ्या भागातला पेशंट यांची परिस्थिती वेगळी. म्हणून मी प्रत्येक घराला सांगते: डॉक्टरांना विचारा, आम्ही कितव्या पायरीवर, आणि आमच्या आधीच्या पायऱ्यांवर काय दिसलं? हा प्रश्न विचारायला कुणालाही संकोच वाटायला नको. डॉक्टरांकडे त्याचं उत्तर असतं.

एकूण हिशोब काय सांगतो तेही बघू. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९९१ ते २००२ या काळातल्या पहिल्या टप्प्याच्या ४६० ट्रायल्स एकत्र तपासल्या गेल्या. जवळजवळ बारा हजार पेशंट, सगळ्या तऱ्हेचे कॅन्सर. गाठ ठरलेल्या मापाने कमी झालेले १०.६ टक्के. औषधाच्या त्रासामुळे मृत्यू ०.४९ टक्के, म्हणजे दोनशेत एक. याच संस्थेच्या २००० ते २०१९ मधल्या ट्रायल्सचा पुढचा हिशोब २०२२ साली आला. त्यात गुण येणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांतल्या ९.६ टक्क्यांवरून शेवटच्या वर्षांत १८ टक्क्यांपर्यंत चढलं होतं. औषधामुळे मृत्यू ०.७ टक्के.

म्हणजे वीस वर्षांत गुण येणारे जवळपास दुप्पट झाले, आणि तरीही पाचातल्या चारांहून अधिक जणांची गाठ त्या मापाइतकी कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगाव्या लागतात. नुसती पहिली सांगितली तर ती फसवणूक होते, नुसती दुसरी सांगितली तर माणूस खुर्चीतून उठून जातो.

गाठीची मोजणी

‘प्रतिसाद’ हा शब्द फॉर्ममध्ये पंधरा वेळा येतो. तो ठरतो मोजपट्टीवर, आणि मोजपट्टीचे नियम जगभर सारखे आहेत. सध्याचे २००९ सालचे.

समजा, बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये मोजता येण्याजोग्या तीन गाठी आहेत: ४० मिलिमीटर, २५ आणि १५. बेरीज ८०. ही सुरुवातीची बेरीज ट्रायलच्या फाईलमध्ये लिहिली जाते. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बेरीज ५६ किंवा त्याहून कमी भरली तर ३० टक्के घट झाली, आणि याला ‘अंशतः प्रतिसाद’ म्हणतात. ५८ भरली तर? साडेसत्तावीस टक्के. याची नोंद ‘स्थिर’. दोन मिलिमीटरने बाबा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले. त्यांच्या खोकल्याला तो फरक कळत नाही.

आता पुढचं ऐका, कारण इथे घरोघरी रडारड होते. समजा, बेरीज आणखी उतरून ५० झाली. सगळे खूश. चार महिन्यांनी ती ६० भरली. वाढ मोजतात ती सगळ्यात कमी आकड्यापासून; ५० वरून ६० म्हणजे २० टक्के वाढ, आणि किमान ५ मिलिमीटरची अटही पुरी झाली. नोंद होते: ‘आजार वाढला’. नियमाप्रमाणे औषध बंद होऊ शकतं. मुलगा जुना रिपोर्ट पुढे करून विचारतो, “सुरुवातीला ८० होती, आज ६० आहे, मग वाढली कशी?” त्याचं गणित चुकलेलं नसतं. नियम असा आहे कारण कॅन्सर औषधाला सरावल्याची पहिली खूण तीच असते, आणि वाट बघत बसलं तर पुढच्या उपचाराची वेळ जाते. कुठे नवी गाठ उगवली तर बाकीच्या कितीही आकसल्या असोत, नोंद वाढीचीच.

हे सगळं मी कागदावर तीन गोळे काढून दाखवते. आधी दाखवलेलं असलं की तो दिवस आल्यावर निदान ‘कुणीतरी आकडे फिरवले’ असा संशय येत नाही.

मधला माणूस आणि रांगेची शेपटी

आता महिन्यांचा आकडा. ‘मध्य जगण्याचा काळ ९.९ महिने’ असं वाचलं की घरातले लोक कॅलेंडर काढतात. दहाव्या महिन्यात कुठला सण येतो तेही मोजून ठेवलेलं मी पाहिलं आहे. या आकड्याचा अर्थ एवढाच, की अर्धे लोक त्याच्या आधी गेले आणि अर्धे त्यानंतरही होते. त्यानंतर किती काळ, ते तो सांगत नाही.

हा ९.९ मी असाच घेतलेला नाही. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या, पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १२९ पेशंट होते. आजार पसरलेला, आधीची औषधं थकलेली. गाठ ठरलेल्या मापाने कमी झालेले साधारण सहात एक. मध्य काळ ९.९ महिने. इथवर वाचलं तर वाटेल, विशेष काही नाही. पण पाच वर्षांनी त्यातले १६ टक्के हयात होते. त्याआधीच्या काळात या अवस्थेत पाच वर्षं काढणारा पेशंट शंभरात पाचही सापडत नव्हता. रांग मध्यावर पाहिली तर निराशा, शेपटीकडे पाहिली तर कॅन्सरच्या उपचारातलं एक मोठं वळण. दोन्ही एकाच १२९ माणसांच्या रांगेत.

याच औषधाने काही जणांच्या फुफ्फुसांना सूज आली आणि सुरुवातीच्या २९६ पेशंटमधले तिघे त्यात दगावले. हेही तितकंच खरं आणि तितकंच सांगायला हवं. म्हणून ट्रायलमध्ये नवा खोकला, नवा दम, बारीक ताप याला ‘हवामान बदललंय’ म्हणून घरी बसायचं नाही. रात्री दोनला फोन करायचा. नंबर त्यासाठीच दिलेला असतो.

मोजले कोण?

काही ट्रायल्सचे आकडे एकदम डोळ्यांत भरतात. क्रिझोटिनिब हे औषध मुळात मेट नावाच्या प्रथिनासाठी बनवलं होतं. त्याची पहिली ट्रायल २००६ साली सुरू झाली. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये एएलके नावाचा जनुकीय बदल असल्याचं दाखवलं. हे औषध त्यालाही रोखतं हे माहीत होतं, म्हणून ट्रायलमध्ये तसे पेशंट शोधायला घेतले. २०१० साली निकाल आला: ८२ पेशंट, ५७ टक्क्यांना प्रतिसाद. २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यताही मिळाली.

पण ते ८२ जण मिळवायला सुमारे १५०० पेशंटच्या गाठींचे नमुने तपासावे लागले होते. ५७ टक्के हा आकडा त्या ८२ जणांचा आहे. बाकीच्या चौदाशेंचा त्यात काही वाटा नाही. ओसिमर्टिनिब या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या गोळीचं तेच. ज्यांच्या कॅन्सरमध्ये टी७९०एम हा बदल होता त्यांच्यात प्रतिसाद ६१ टक्के, ज्यांच्यात तो नव्हता त्यांच्यात २१. गोळी एक, आजाराचं नाव एक, आणि एवढी तफावत.

म्हणून ‘फुफ्फुसाच्या कॅन्सरवर नवीन औषध’ ही बातमी अर्धवट असते. पुढचा प्रश्न असा: कुठला बदल असलेल्या कॅन्सरवर? आपल्याकडे फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चौथ्या हिश्शाच्या पेशंटमध्ये ईजीएफआर या जनुकातला बदल सापडतो, एएलके त्याहून बराच कमी. त्यांच्यासाठी चांगल्या गोळ्या आता नेहमीच्या उपचारात आहेत, त्यासाठी ट्रायलची वाट बघायची गरज नाही. तुमच्या पेशंटचा बदल कुठला, हे तपासलेलंच नसेल तर ट्रायलचा विचार पुढचा, तपासणी आधी.

आणि त्या तपासणीला लागतो ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेला, काड्यापेटीपेक्षा लहान ठोकळा. तो बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये पडून असतो. लोक कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून येतात, जाडजूड फाईल आणतात, पंधरा एक्स-रे आणतात, आणि ब्लॉक लॅबमध्येच राहिलेला असतो. मग एकजण परत जातो, दोन दिवस, दोन भाडी. कुणी मुंबईला निघालं असेल तर आजच फोन करा: ब्लॉक आणि स्लाईड (त्याच तुकड्याची काचपट्टी) दोन्ही मागून घ्या. पेशंटचा त्यावर हक्क आहे.

मोजलेल्यांची निवड आणखी एका चाळणीतून होते. ट्रायलमध्ये सहसा तोच येतो जो स्वतःचं स्वतः करू शकतो, ज्याचं लिव्हर आणि किडनी ठीक आहे, मेंदूत आजार गेला असेल तर तो शांत आहे. वॉर्डातल्या खाटेवर ऑक्सिजनवर असलेला माणूस त्या आकड्यांत नाही. त्यामुळे ट्रायलचे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘आता काहीच उरलं नाही, ट्रायलमध्ये तरी घाला’ म्हणून जे येतात त्यांना नाही म्हणणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात जड भाग आहे.

खूपजण इतक्या उशिरा का येतात? माझ्या मामांचंच सांगते. खोकला, वजन उतरलं, एक्स-रेवर डाग. उपनगरातल्या एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी पाच महिने गोळ्या चालल्या. सीटी झाला तेव्हा आजार पाठीच्या मणक्यात होता. आपल्या देशात टीबी इतका आहे की पहिला संशय त्याच्यावर जाणं समजू शकतं. पण जंतू सापडले नाहीत आणि महिन्या-दोन महिन्यांत उतार नाही, तर सीटी आणि बायोप्सीचा आग्रह धरा. हे मामांच्या वेळी मला कळत नव्हतं.

मोठा डोस, मोठा गुण?

केमोच्या काळात समजूत अशी होती, की सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस द्यावा. जिन्याची पद्धत त्याच समजुतीतून आली. नव्या औषधांना ती पूर्ण लागू पडत नाही. ओसिमर्टिनिब २० ते २४० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं, कुठल्याच पायरीवर थांबायची वेळ आली नाही. निवडला मात्र ८० चा डोस. सोटोरासिबचा डोस ९६० मिलिग्रॅम ठरला, १२० च्या आठ गोळ्या रोज. २०२१ साली मान्यता देतानाच अमेरिकन औषध प्रशासनाने कंपनीला २४० मिलिग्रॅमशी तुलना करून दाखवायला सांगितलं. त्याच वर्षी तिथे कॅन्सरच्या औषधांचे डोस ठरवायची रीत बदलायचा कार्यक्रमही सुरू झाला.

या बाबतीत मुंबईने जगाला दाखवून दिलेली एक गोष्ट मला फार अभिमानाची वाटते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. २०२२ मध्ये निकाल आला: नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर हयात १६ टक्के, हा छोटा डोस जोडल्यावर ४३. ही तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे नेहमीच्या उपचाराशी थेट तुलना करणारी ट्रायल होती आणि फुफ्फुसाची नव्हती, तेव्हा तो निकाल उचलून इकडे चिकटवू नका. पण ज्या औषधाची किंमत ऐकून माणसं जमीन विकायला निघतात, त्याचा किती डोस खरंच लागतो हा प्रश्न परळमध्ये विचारला गेला, हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

हल्ली आणखी एक विचारणा फार होते, “ते आयआयटीवाल्यांचं औषध मिळेल का?” पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या कार-टी उपचाराला (यात पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून त्याला परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्याच्या सुरुवातीच्या ट्रायल्स इथल्याच. पण तो ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. फुफ्फुसाच्या गाठीसाठी नाही.

पुढच्या टप्प्यात काय होतं?

सोटोरासिबची गोष्ट अर्धी राहिली. पहिल्या टप्प्यात ३२ टक्के प्रतिसाद, म्हणून पुढे डोसेटॅक्सेल या जुन्या केमोशी थेट तुलना झाली. गोळीवर आजार वाढेपर्यंतचा काळ ५.६ महिने, केमोवर ४.५. प्रतिसाद दुपटीहून जास्त. एकूण जगण्यात मात्र फरक दिसला नाही. गोळी वाया गेली असं मी म्हणणार नाही. केमोऐवजी घरी बसून गोळी घेता येणं आणि गाठ कमी होणं याला किंमत आहे. पण पहिल्या टप्प्यातला आकडा बघून आपण मनात जे घर बांधतो, ते तिसऱ्या टप्प्यात टिकतंच असं नाही. काही औषधं दुसऱ्या टप्प्यापर्यंत उत्तम दिसून तिसऱ्यात साफ पडली आहेत.

नाही म्हणायचं असेल तर

ट्रायल नाकारणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. तुमचे डॉक्टर तुमचेच राहतात, नेहमीचे उपचार चालू राहतात. आणि दुखणं, दम, झोप, भूक यांवर नीट इलाज करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरला ‘आता काही करायचं नाही’ असं समजू नका. बॉस्टनमध्ये पसरलेल्या फुफ्फुस-कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही केअर मिळाली ते मध्य ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. मनही त्यांचं जास्त शांत होतं. पहिल्या टप्प्याच्या कितीतरी औषधांना जमलेलं नाही एवढं अंतर आहे हे. ट्रायलमध्ये असतानाही ही केअर घेता येते, मागून घ्या.

कायदा पेशंटच्या बाजूने बराच आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाईचा हक्क. सही केलेल्या फॉर्मची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. देशातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असते, मोबाईलवर शोधता येते. परदेशात शोधलेल्या औषधाची अगदी पहिली ट्रायल सहसा तिकडेच होते, तिकडची माहिती सादर झाल्यावर इथे. म्हणून ‘आमच्यावर प्रयोग करताय का’ या प्रश्नाचं उत्तर मी टाळत नाही. हो, हा प्रयोगच आहे. नियम, रुग्णालयाची नीतिसमिती आणि तुमची सही यांच्याशिवाय तो होऊ शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब आलं होतं. ओळख लागू नये म्हणून गाव सांगत नाही. टक्क्यांचा प्रश्न त्यांनीही विचारला, मी गोळे काढून दाखवले, आणि म्हटलं, फॉर्म घेऊन जा, सही आज नको. धर्मशाळेत रात्री मुलाने तो मोठ्याने वाचला. दोन दिवसांनी आले तेव्हा शेवटच्या पानामागे पेन्सिलने तीन प्रश्न लिहिलेले होते. येण्याजाण्याचं भाडं मिळतं का? मी त्या ट्रायलमध्ये ठरलेली रक्कम सांगितली. मधेच सोडलं तर गावचे डॉक्टर पुढे बघू शकतील का? हो, सगळे रिपोर्ट देतो, औषधाचं नाव आणि आमचा नंबर लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा.

तिसरा प्रश्न आईच्या सांगण्यावरून लिहिला होता. इथे असताना काही झालं, तर यांना गावी कसं न्यायचं? मी डॉक्टरांना बोलावलं. ते खाली बसले, आणि पहिल्यांदाच पेशंट असलेल्या काकांनी स्वतः तोंड उघडलं. म्हणाले, “स्कॅनच्या मधल्या आठवड्यांत मी घरीच राहीन. तेवढं बसवा.” डॉक्टरांनी तारखा काढल्या. पहिला महिना इथेच राहावं लागेल, दर आठवड्याला रक्त तपासायचं आहे. त्यानंतर एकवीस दिवसांतून एकदा यायचं. काकांनी बोटांवर मोजलं, भाताची कापणी कुठे येते ते पाहिलं आणि पेन मागितलं.